पुकारा होण्याआधी अशिलाशी बोला

प्रति,
महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांत वकिली करणाऱ्या सर्व विधिज्ञांस,



माझी सगळी नोकरी न्यायालयात झाली. बरीच वर्षे मी बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या मंचाखाली जे टेबल असते, तिथे बसून रोजनामे लिहिले, कागदांवर निशाणी क्रमांक घातले, पुढच्या तारखा दिल्या. त्या टेबलावरून कोर्टहॉलचा दरवाजा समोर दिसायचा. सकाळी त्या दरवाजातून पहिल्यांदाच आत येणारा माणूस लगेच ओळखू यायचा. हातात समन्सची घडी, कुठल्या बाकावर बसायचे ते न कळून दारातच थबकणे, आणि काळा कोट जवळून गेला की उठून उभे राहणे. त्याला "तुमचे वकील कोण?" असे विचारले, तर पुष्कळदा तो आपल्यापैकीच कुणाचे तरी नाव सांगायचा. म्हणजे त्याला वकील होता. वकीलपत्र दाखल होते, त्यावर वेलफेअरचे तिकीट होते, फी पोचलेली होती. आज इथे काय होणार आहे, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

हीच माझी तक्रार आहे. ती न्यायाधीशांकडे न करता आपल्याकडे का करते, तेही सांगते. न्यायाधीशांना एका पक्षकाराला बाजूला घेऊन समजावता येत नाही. आम्हा कर्मचाऱ्यांना तारीख सांगता येते, अर्ज कुठे द्यायचा ते दाखवता येते. काय करावे याचा सल्ला देता येत नाही आणि देऊही नये. समोरच्या बाजूचे वकील बोलणार नाहीत. राहिले फक्त आपण. आपण बोलला नाहीत, तर ते काम आवारातला टंकलेखक करतो, चहावाला करतो, नाहीतर "साहेबांशी ओळख आहे" म्हणणारा एखादा एजंट करतो. हा शेवटचा तर पैसे घेऊन चुकीचे सांगतो.

सुरुवात समन्सपासून करते. वाटपाच्या दाव्यात सगळ्या सहहिस्सेदारांना पक्षकार करावेच लागते, हे आपल्याला पाठ आहे. म्हणून भावाने भावावर दावा लावला, तरी लग्न होऊन गेलेल्या बहिणीही प्रतिवादी होतात. बेलिफ अशा बहिणीच्या सासरी जाऊन समन्स बजावतो. सगळ्या आळीला कळते की हिच्या नावाने कोर्टाचा कागद आला. तिला वाटते, भावाने आपल्यावर केस केली. सासरच्यांना वाटते, हिनेच काहीतरी केले असणार. ती तारखेला येते. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी बहुधा एकच असतात. त्यामुळे तिच्या मागच्याच बाकावर पोलिसांनी आणलेला चोरीचा आरोपी बसलेला असतो. आपण आरोपी नाही, उलट आपलाही इथे हक्क आहे, हे तिला कळावे कुठून?

अशा एका बाई मला विसरता येत नाहीत. साठीच्या असतील. शिपायाने प्रतिवादी क्रमांक चार म्हणून त्यांचे नाव पुकारले, तेव्हा त्या पुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, मी काही केलं नाही हो." न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितले आणि वकील कोण म्हणून विचारले. बाईंना ठाऊक नव्हते. मी फाईल पाहिली. त्यांचे वकीलपत्र आधीच दाखल होते. प्रतिवादी असलेल्या त्यांच्या भावाच्याच वकिलांचे. सही बाईंचीच होती. भाऊ घरी येऊन "कोर्टाचा कागद आहे" म्हणून घेऊन गेला होता. त्या वकिलांनी सगळ्या प्रतिवादींतर्फे मिळून एकच कैफियत दिली होती, आणि तिच्यात लिहिले होते की बहिणींनी आपापला हिस्सा भावाच्या लाभात सोडून दिला आहे. महाराष्ट्राने 1994 साली आणि संसदेने 2005 साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तो हक्क त्या बाईंच्याच सहीने जाणार होता, आणि ज्यांनी कैफियत लिहिली त्या विधिज्ञांनी बाईंना एकदाही पाहिलेले नव्हते.

हे एकाच कोर्टात एकदाच घडले असते, तर मी पत्र लिहिले नसते. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे: जी व्यक्ती आपल्यासमोर बसलेली नाही, तिची वकीलपत्रावरची सही दुसऱ्याच्या हातून घेऊ नका. भावाचे आणि बहिणीचे हित एकमेकांआड येत असेल, तर तिला तसे स्पष्ट सांगा आणि दुसरा वकील बघायला सांगा. पक्षकारांशी असलेले आपले संबंध अशिलापुढे पूर्णपणे उघड करावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमच सांगतात. पहिल्याच भेटीत बाईंना एवढे कळले पाहिजे की हा दिवाणी दावा आहे, यात कोणाला अटक होत नाही आणि त्यांनी स्वतःचे म्हणणे मांडले नाही तर त्यांच्या वतीने दुसरे कोणीतरी मांडेल.

समन्सबाबत आणखी एक. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि फौजदारी समन्स आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही बजावता येते. त्याच सुमारास फोनवरून "डिजिटल अटक" करून लोकांना लुबाडण्याचे प्रकार वाढले. साध्या माणसाला खरे समन्स आणि खोटे समन्स यांतला फरक कसा कळावा? प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की प्रकरण दिसते. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही आणि कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. ही दोन वाक्ये आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर लावलीत तरी पुष्कळांची पुंजी वाचेल.

आता प्रत्यक्ष तारखेचा दिवस. पहिल्या तारखेला बहुधा काहीच होत नाही, हे आधी सांगा. हे न सांगितल्याने काय होते, ते मी पाहिले आहे. माणूस रजा टाकतो, रोजंदारी बुडवतो, गाडी करून घरच्या चौघांना घेऊन येतो. त्याला वाटते, आज साहेब दोघांचे ऐकतील आणि सोक्षमोक्ष लावतील. पुकारा होतो, दोन मिनिटांत "हजर, कैफियतीसाठी मुदत" एवढे होऊन पुढची तारीख पडते. तो माणूस बाहेर येतो तो मनात संशय घेऊनच, की आपला वकील समोरच्याला फितूर झाला. कैफियत द्यायला कायद्यानेच तीस दिवस, आणि कोर्टाने वाढवले तर नव्वद दिवसांपर्यंत वेळ आहे; मग मुद्दे निघतील, मग पुरावा, मग युक्तिवाद. एका कोऱ्या कागदावर हे टप्पे खाली-खाली लिहून त्याच्या हातात दिलेत, तर पुढच्या प्रत्येक तारखेला आपण कुठे आहोत हे त्याचे त्यालाच कळेल.

बोर्ड कसा वाचायचा तेही दाखवा. दाराशेजारी लावलेल्या यादीत आपला अनुक्रमांक कुठला, हे पाहिले की निदान अंदाज येतो. सकाळी अकराच्या सुमारास सगळ्या प्रकरणांचा पुकारा होतो, पुराव्याची कामे त्यानंतर लागतात, मधल्या सुट्टीनंतरही चालतात. "अकरा वाजता या" एवढेच सांगितलेला माणूस साडेअकराला चहा प्यायला जातो, आणि नेमका तेव्हा पुकारा होतो. आपणही त्या वेळी वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात असता. रोजनाम्यात मी "पुकारा केला असता गैरहजर" असे लिहायचे, कारण तेच खरे असायचे. त्या ओळीतून पुढे एकतर्फी हुकूम होतो, वादी असेल तर दावा काढून टाकला जातो, आरोपी असेल तर वॉरंट निघते. माणूस मात्र पन्नास पावलांवर उभा असायचा. त्याला एवढेच शिकवा: हॉलमध्ये बसून राहा, जायचे झाले तर शेजाऱ्याला सांगून जा, आणि मी नसताना पुकारा झाला तर उभे राहून सांगा, "साहेब, माझे वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्यावा." मी ज्या ज्या न्यायाधीशांच्या हाताखाली काम केले, त्यांतल्या कुणीही असा वेळ नाकारल्याचे मला आठवत नाही. न्यायाधीशांना काय म्हणावे, याचीही लोकांना फार धास्ती असते. तालुका-जिल्हा कोर्टात "साहेब" किंवा "मॅडम" पुरते. बार कौन्सिलच्या नियमांनी आपल्यालासुद्धा तेवढीच मुभा दिली आहे.

आता साक्षीदारांविषयी. हे जरा विस्ताराने लिहिते, कारण सगळ्यांत जास्त हाल त्यांचे होतात. साक्षीदाराचे स्वतःचे काहीच भांडण नसते. अपघात पाहिला, पंचनाम्यावर सही केली, शेजारच्या बाईला वाचवायला धावला, एवढाच त्याचा संबंध. फौजदारी खटल्यात तो सरकार पक्षाचा असतो, म्हणून त्याला आपण कुणी आपला अशील मानत नाही. पैरवीचा पोलीस त्याला बाकावर बसवतो आणि सरकारी वकिलांच्या हातात त्या दिवशी ढीगभर फाईली असतात. त्याला पिंजऱ्यात उभे करतात. शपथ देतात. चित्रपटात पाहिल्याप्रमाणे तो हात ठेवायला ग्रंथ शोधतो. ग्रंथ नसतो. 1969 च्या शपथ कायद्यानुसार ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा नुसते गांभीर्यपूर्वक सांगावे, दोन्ही चालते, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

सरतपास कसाबसा पार पडतो. मग उलटतपास. "हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?" "हो." "मग तुमच्या जबाबात ते का नाही?" आता जबाब पोलिसांनी लिहिलेला, त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा नाही, घटनेला चार-पाच वर्षे झालेली. तो गोंधळतो. न्यायाधीश मजकूर सांगतात: "माझ्या जबाबात तसे का लिहिलेले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." साक्षीदाराला वाटते, आपण खोटे ठरलो. आणि शेवटी, आवाज किंचित चढवून, विधिज्ञ म्हणतात, "फिर्यादीशी तुमचे घरोब्याचे संबंध आहेत, म्हणून तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहात." भरल्या कोर्टात, ज्या माणसाला आयुष्यात कुणी खोटारडा म्हटलेले नाही, त्याला हे ऐकावे लागते. एका निवृत्त शिक्षकांचा चेहरा त्या क्षणी पांढराफटक पडलेला मी पाहिला आहे. ते कठड्याला धरून उभे होते आणि त्यांना उत्तर सुचेना. आपल्याला माहीत आहे, मला माहीत आहे, की ही सूचना द्यावीच लागते. आपल्या पक्षाची बाजू साक्षीदारापुढे ठेवली नाही, तर त्याचे म्हणणे मान्य होते असे धरले जाण्याची भीती असते. "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही" असे उत्तर लिहून घेतले की विषय संपतो. त्या शिक्षकांना हे आदल्या दिवशी कुणी सांगितले असते, तर ते शांतपणे "नाही" म्हणाले असते. त्या दिवसानंतर गावात कुठलाही पंचनामा असला, की ते घराचे दार लावून घेत, असे त्यांच्या गावच्या पोलीस पाटलांनी मला सांगितले.

म्हणून सरकारी वकिलांना आणि दिवाणी दाव्यांत साक्षीदार आणणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे. साक्षीदाराशी आधी अर्धा तास बोला. काय सांगायचे ते पढवू नका, कसे असते ते सांगा. प्रश्न कळला नाही तर "कळला नाही" म्हणता येते. आठवत नसेल तर "आठवत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. दुसऱ्याची साक्ष चालू असताना आपण बाहेर थांबायचे असते, तो अपमान नसतो. न्यायाधीश मजकूर सांगतात तो साक्षीदाराच्या तोंडी घातलेला असतो, म्हणून "मी" असे ऐकू येते. साक्ष वाचून दाखवल्यावर काही चुकले असेल तर सही करण्याआधी तिथल्या तिथे सांगायचे. मी टंकित झालेली साक्ष सहीसाठी पुढे केली, की बहुतेक जण न वाचता सही करून सुटका करून घ्यायचे. प्रवासाचा आणि दिवसाचा भत्ता मिळतो, तो मागायला लाजू नये. दिवाणी दाव्यात तर साक्षीदाराला समन्स काढणाऱ्या पक्षाने हा खर्च आधीच भरायचा असतो. आणि उलटतपास घेणाऱ्या विधिज्ञांना एक वेगळे सांगणे: बाईच्या साक्षीत, विषयाशी संबंध नसलेले आणि केवळ तिला खजील करणारे प्रश्न विचारणे आपण सोडा. असे प्रश्न थांबवण्याचा अधिकार साक्ष कायद्याने न्यायाधीशांना दिला आहे हे खरे, पण तो वापरायची वेळच आपण येऊ देऊ नये.

पहिल्यांदा आरोपी म्हणून येणाऱ्याची गोष्ट वेगळी. चेक न वटल्याच्या खटल्यात कित्येक दुकानदार, शेतकरी, गृहिणी प्रथमच कोर्ट पाहतात. जामीनदार लागेल, त्याचे आधारकार्ड, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा लागेल, हे आदल्या दिवशी सांगितले तर दुपारची धावपळ टळते. त्याहून गंभीर गोष्ट कबुलीची. किरकोळ गुन्ह्यात "कबूल आहे म्हणा, दंड भरा, मोकळे व्हा" असा सल्ला मी उठता-बसता ऐकला. कधीकधी तो योग्यही असतो. पण कबूल केल्यावर दोषसिद्धी होते आणि पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तिचा प्रश्न येतो, हे वीस वर्षांच्या पोराला कोण सांगणार? दोषारोप वाचून दाखवून न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे काय?" तेव्हा तो उत्तरासाठी आपल्याकडे बघतो. ते बघणे आधीच्या संध्याकाळी आपल्या कार्यालयात व्हायला हवे.

तडजोडीचेही तसेच. लोकअदालतीत मिटले की कोर्ट फी परत मिळते, वर्षे वाचतात. मी तिच्या बाजूची आहे. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. मांडव घातलेला, गर्दी, सगळे "सही करा, सही करा" म्हणताहेत, अशा वेळी अशिलाला तडजोडपत्र सावकाश, मराठीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. राज्यात दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे हे 1998 पासून अधिसूचनेने ठरलेले आहे. तरीही अशिलाच्या जमिनीचा युक्तिवाद त्याच्यादेखत इंग्रजीत होतो, आणि बाहेर आल्यावर तो आपल्याला "काय झालं?" विचारतो. "झालं, पुढची तारीख" हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

तारखेचा विषय निघालाच आहे तर मनातले बोलते. मुदतीचा अर्ज पुष्कळदा आपलाच असतो. तयारी नसते, दुसऱ्या गावी काम असते, तब्येत बरी नसते. हे सगळे समजण्यासारखे आहे. पण अशिलाला बाहेर "कोर्टाने तारीख दिली" असे सांगितले जाते, आणि तो शिव्या मात्र कोर्टाला देतो. एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेले आहे. कोणाच्या अर्जावर तारीख पडली, हे रोजनाम्यात असते आणि रोजनामा आता मोबाईलवरही बघता येतो. अशिलाला ते आपणच दाखवा. त्याला ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरे.

फीबद्दल एवढेच, की पावती द्या आणि टायपिंग, तिकिटे, नकला यांचा खर्च वेगळा लिहून द्या. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणे आपल्या नियमांतच आहे. आणि ज्याला फी झेपत नाही त्याला विधी सेवा समितीचा रस्ता दाखवा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेले आरोपी यांना 1987 च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. 15100 हा क्रमांक त्यासाठीच आहे. मी विचारलेल्या बायकांपैकी बहुतेकींना हे माहीत नव्हते, आणि त्यांतल्या काही जणी मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरत होत्या.

आपल्या अडचणी मला परक्या नाहीत. नव्या वकिलांना बसायला जागा नसते, झाडाखाली टेबल टाकून ते काम करतात, महिन्याची मिळकत ठरलेली नसते. एका दिवशी तीन कोर्टांत पुकारे होतात. पण मी हेही पाहिले आहे की आमच्याच तालुक्यात काही विधिज्ञ आदल्या संध्याकाळी अशिलाला बोलावून घेत, पिंजरा कुठे, टेबल कुठे, कोण कुठे बसते, याचे कागदावर चित्र काढून दाखवत. कोर्ट उघडे असते, कोणालाही मागे बसून बघता येते, म्हणून साक्षीच्या आठवडाभर आधी साक्षीदाराला एक दिवस नुसते येऊन बसायला सांगत. त्यांचे साक्षीदार पिंजऱ्यात थरथरत नसत.

शेवटची विनंती वकील संघांना आहे. बाररूम आपली आहे आणि ती हवीच. पण व्हरांड्यात पक्षकारांसाठी चार बाक, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी कुलूप न लावलेले स्वच्छतागृह, यासाठी संघाने न्यायालय प्रशासनाकडे पाठपुरावा करावा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये प्रत्येक न्यायालयाच्या आवारात स्त्रिया, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचा आदेश दिला आहे, त्यामुळे मागायला आधारही आहे. तान्हे मूल घेऊन पोटगीच्या अर्जासाठी आलेल्या मुली दिवसभर पाणी न पिता बसतात, हे आपल्याही पाहण्यात असेल.

आणि प्रत्येक संघाने पहिल्यांदा येणाऱ्यासाठी मराठीत दोन पानांचे पत्रक काढावे: बोर्ड कुठे बघायचा, पुकारा झाल्यावर काय करायचे, सोबत काय आणायचे, साक्ष कशी होते, मोफत वकील कुठे मिळतो. समन्स बजावताना बेलिफाने ते सोबत द्यावे, अशी विनंती संघाने प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना करावी. मी त्याचा कच्चा मसुदा केला आहे. कायद्याच्या दृष्टीने तो तपासून, दुरुस्त करून घ्यायचे काम आपले आहे. ज्या संघाला हवा असेल त्याने या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे, मी पाठवून देईन.



आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी